मेंदूचे प्रांत आणि मुलांची प्रतवारी

शाळा उघडून जेमतेम आठवडा झाला असेल. पेरण्यांचे दिवस होते, निम्मी मुले अद्याप गावीच होती, आणि अशा वेळी दोन गृहस्थ एका लहानशा यंत्रासह आमच्या निवासी शाळेत आले. रेशनच्या दुकानात अंगठा ठेवण्यासाठी असते, तसेच ते यंत्र. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे त्यावर घ्यावयाचे, त्यांवरून त्याच्या मेंदूचा कोणता भाग किती समर्थ आहे ते काढावयाचे, आणि त्यास गणित जमेल की चित्रकला, त्याने डॉक्टर व्हावे की दुकान काढावे, हे सांगणारा रंगीत अहवाल पालकांच्या हाती द्यावयाचा, अशी ती योजना होती. नमुन्यादाखल एक अहवाल ते आमच्याकडे ठेवून गेले. त्यात मेंदूचे सुबक चित्र आहे, प्रत्येक खंडास वेगळा रंग आहे आणि प्रत्येक रंगापुढे टक्केवारी आहे. शुल्क प्रत्येक मुलामागे काही हजार रुपये. शाळेने सर्व मुले एकगठ्ठा दिल्यास सवलत.

आम्ही नकार दिला. त्यानंतरच्या पालकसभेत मात्र हा नकार सर्वांस रुचला नाही. “शहरातल्या शाळेत करतात म्हणे सर, मग आमच्याच लेकरायले काहून नाही?” असे एका मातेने विचारले. त्या प्रश्नात राग नव्हता. जे चांगले ते डोणगावपर्यंत उशिरा पोहोचते, आणि पोहोचले तरी आपल्या दारी येण्यापूर्वीच संपते, हा पिढ्यांचा अनुभव त्यामागे होता. सभेत आम्ही जे उत्तर दिले, ते आम्हांसच अपुरे वाटले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, त्या अहवालातील मेंदूचे चित्र सर्वस्वी खोटे नाही. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे सांभाळतात, ही गोष्ट खरी आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. गावात एखाद्या वडीलधाऱ्या माणसास लकवा होतो. उजवा हात व उजवा पाय लुळा पडतो, आणि त्यासोबत वाचाही जाते. डावी बाजू गेली असता वाचा बहुधा शाबूत राहते. याचे कारण असे की, शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडून चालविली जाते, आणि बहुतेक माणसांत बोलण्याचे मुख्य कामही त्याच डाव्या अर्धगोलात होते. त्याहून नवलाची बाब म्हणजे, ज्यास “पाणी द्या” एवढे दोन शब्द जुळविता येत नाहीत, तो माणूस लहानपणापासून पाठ असलेली वंदना किंवा गाणे पुष्कळदा सुरात म्हणू शकतो. घरच्यांस वाटते की, म्हातारा सोंग करीत आहे. तो सोंग करीत नसतो. नवे वाक्य जुळविणे आणि मुखोद्गत ओळी म्हणणे ही मेंदूच्या लेखी एकच कामे नव्हेत.

दृष्टीचे केंद्र डोळ्यांमागे नसून डोक्याच्या थेट मागील बाजूस आहे. तेथे फटका बसल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, त्याचे एक कारण हेच. ऐकण्याचे केंद्र कानशिलाच्या आत आहे. नव्या आठवणी बांधून ठेवणारी एक घडी त्याच भागात खोलवर आहे. स्पर्श आणि जागेचे भान टाळूखालील भागात, तर बेत आखणे, मोह आवरणे, दोन गोष्टींतील एक निवडणे ही कामे कपाळामागील भागात चालतात. सायकलीचा तोल लहान मेंदू सांभाळतो. श्वास मात्र त्याखालील देठाकडे सोपविलेला आहे, म्हणून तो झोपेतही चालतो.

वाचेची जागा शोधण्याचे श्रेय पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांस दिले जाते. 1861 साली त्यांच्या रुग्णालयात एक रुग्ण होता, जो अनेक वर्षे ‘टान’ या एका उच्चारापलीकडे काही बोलू शकत नसे. समोरच्याचे बोलणे मात्र त्यास समजत असे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकांनी मेंदू तपासला असता, डाव्या बाजूस कपाळामागील भागात इजा आढळली. पुढे 1874 साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने दाखविले की, कानशिलामागील भागास इजा झाल्यास उलटाच प्रकार घडतो: माणूस घडाघडा बोलतो, पण त्या बोलण्यास अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यास उमगत नाही. टानचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. अलीकडे आधुनिक यंत्रांनी त्याची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा इजा ब्रोकांस दिसली त्याहून पुष्कळ खोल गेलेली आढळली. म्हणजे ‘हे काम या जागेचे’ असे म्हणताना जरा बेताने म्हटले पाहिजे. मेहकरास तहसील कचेरी आहे, म्हणून तालुक्याचा सारा कारभार त्या चार भिंतींत होतो असे नाही. तलाठी, कोतवाल, रस्ते आणि तारा हे सर्व मिळून तो होतो. मेंदूचेही तसेच आहे. एक ओळ वाचावयाची तर मागील भाग अक्षरे पाहतो, डावीकडील भाग त्यांस ध्वनी देतो, आणखी काही भाग अर्थ लावतात, आणि कपाळामागील भाग लक्ष विचलित होऊ देत नाही.

इथवर विज्ञान आहे. यापुढे जे घडले, ते सांगितल्याशिवाय आमच्या नकाराचे कारण स्पष्ट होणार नाही.

ब्रोकांच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, व्हिएन्ना येथे फ्रान्झ योसेफ गाल नावाचे वैद्य होते. मेंदूत निरनिराळ्या गुणांच्या निरनिराळ्या जागा आहेत, हे त्यांनी फार आधी ओळखले. परंतु जो गुण मोठा त्याची जागा मोठी, आणि जागा मोठी तेथे कवटीवर उंचवटा, असा तर्क करून त्यांनी 27 गुणांचे उंचवटे ठरविले. डोके चाचपून स्वभाव सांगणारे लोक मग युरोप-अमेरिकेत गावोगाव फिरू लागले. त्या प्रकाराचे हसू आता येते. पण खुद्द ब्रोकांचे काय? ज्या हातांनी त्यांनी वाचेची जागा शोधली, त्याच हातांनी ते कवट्या व मेंदू मोजून मानववंशांची उतरंड लावीत होते. पॅरिसची मानववंशशास्त्र परिषद त्यांनीच 1859 साली स्थापिली होती. एका माणसाच्या ठायी खरे शोध आणि खोटी प्रतवारी इतक्या शेजारी नांदू शकतात, ही गोष्ट विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात येत नाही. ती यावी, असे आमचे मत आहे.

या उतरंडीस एका मराठी स्त्रीने दिलेले उत्तर आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. इरावती कर्वे यांचे नाव ‘युगान्त’मुळे घरोघर माहीत आहे. त्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला आणि तेथील इरावती नदीवरून त्यांस हे नाव मिळाले. मुंबई विद्यापीठात प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. करून त्या बर्लिनला गेल्या. तेथे 1927 साली मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था सुरू झाली होती आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक होते. हेच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराचे एक आधारस्तंभ झाले. गोऱ्या युरोपीय माणसाचा मेंदू उजव्या बाजूस कपाळामागे अधिक वाढलेला असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते, आणि त्याच्या तर्कबुद्धीचे मूळ या असमानतेत आहे, असे फिशर यांचे गृहीतक होते. ते तपासण्याचे काम त्यांनी या हिंदी विद्यार्थिनीकडे सोपविले.

इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. त्या काळातील जर्मन संग्रहांत युरोपीय कवट्यांसोबत आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याही असत, आणि त्यांतील पुष्कळशा कोणत्या अत्याचारांनंतर तेथे आल्या, हे आज उघड आहे. विशीतील ती मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत, एकेक कवटी हाती घेऊन डावी-उजवी बाजू मोजीत राहिली. निष्पन्न काय झाले? कवटीची डावी-उजवी बाजू थोडी असमान असते, हे खरे; पण ती असमानता सर्व मानवसमूहांत आढळते. वंशाशी तिचा काही संबंध नाही. मार्गदर्शकाच्या गृहीतकाविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी तसाच मांडला आणि पदवी घेऊन त्या परतल्या. नोंदीसाठी हेही सांगावयास हवे की, पुढे महाराष्ट्रात त्यांनी जातिसमूहांची शारीरिक मोजमापे चालूच ठेवली. मोजपट्टीचा मोह त्यांस पूर्णतः सुटला नाही. तथापि बर्लिनमधील त्या आकड्यांचे मोल त्याने कमी होत नाही.

आपल्या देशातही मोजपट्टी स्वस्थ नव्हती. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व लांबी यांच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लावता येते असे प्रतिपादन केले होते. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खाली, असा तो जणू नियमच. वर ज्यांचा उल्लेख आला, त्या प्राध्यापक घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात अशा मोजमापांची छाननी केली. आणि 1948 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तेच आकडे हाती घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हा सिद्धांत खोडून काढला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की, मोजमापे खरी मानावयाची, तर ब्राह्मण व अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. मोजपट्टी ज्यांनी आणली, त्यांच्याच मोजपट्टीने हे सिद्ध होत होते. तो ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे, त्यांत चोखामेळा आहेत, आणि चोखोबांचे जन्मगाव मानले जाते ते मेहुणा राजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. आमची मुले सहलीस तिकडे गेली, की ही गोष्ट आम्ही त्यांस सांगतो.

आता पुन्हा त्या ठशांच्या यंत्राकडे वळू. अंगठ्याचा ठसा म्हणजे कपाळामागील अग्रभाग, करंगळीचा ठसा म्हणजे दृष्टीचा भाग, आणि मधली बोटे मधल्या खंडांची, असा त्यांचा हिशेब आहे. गाल यांनी कवटीवर उंचवटे शोधले. येथे बोटांवर भोवरे शोधले जातात. मेंदूचे भाग वेगवेगळी कामे करतात, या खऱ्या विधानाच्या पाठीवर बसून ‘म्हणून बाहेरून मोजून मुलाची प्रत सांगता येते’ हे खोटे विधान आत शिरते. गर्भात असताना, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बोटांवरील रेषा ठरून जातात आणि जन्मभर तशाच राहतात. एकसारख्या जुळ्या भावंडांचेही ठसे जुळत नाहीत. काही जन्मजात विकारांत तळहातावरील रेषांची ठेवण वेगळी दिसते, हे वैद्यकास ठाऊक आहे, आणि विक्रेते त्याच गोष्टीचा आधार सांगतात; परंतु निरोगी मुलाच्या बोटावरून त्याचे गणित सांगता येते, असे त्यातून निघत नाही. बहुविध बुद्धिमत्तेच्या ज्या सिद्धांताचे नाव हा व्यवसाय लावतो, त्याचे प्रवर्तक हॉवर्ड गार्डनर यांनी अशा चाचण्यांस आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्यांस शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे.

‘डाव्या मेंदूचे मूल’ आणि ‘उजव्या मेंदूचे मूल’ हा शब्दप्रयोगही त्या अहवालात जागोजाग आहे. दोन्ही अर्धगोलांची कामे काही बाबतींत भिन्न आहेत. त्यावरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांस 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण 2013 साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1011 व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा सबंध माणूस डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला असल्याचा पुरावा त्यांस मिळाला नाही.

आमच्या नकाराचे सर्वांत मोठे कारण मात्र निराळे आहे. बोटांवरील रेषा बदलत नाहीत, मेंदू बदलतो. लखनौजवळील दोन खेड्यांतील निरक्षर प्रौढांवर केलेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्था आणि लखनौचे एक संशोधन केंद्र यांनी मिळून तो केला होता. या स्त्री-पुरुषांतील एकवीस जणांस सहा महिने देवनागरी लिपी शिकविण्यात आली. अभ्यासाच्या आरंभी व अखेरीस त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. सहा महिन्यांत ती मंडळी साधारण पहिलीच्या मुलाइतके वाचू लागली, आणि दृष्टीच्या केंद्राचे मेंदूच्या खोलवरील जुन्या भागांशी असलेले अनुसंधान अधिक दृढ झालेले दिसले. वाचन ही माणसाची अलीकडची विद्या आहे. तिच्यासाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा मेंदूत नाही. जो शिकतो, तो आपल्या मेंदूत ती जागा तयार करतो. तिशीतील शेतमजूर स्त्रीच्या मेंदूत जर सहा महिन्यांत हे घडते, तर पाचवीतील मुलाच्या बोटांवरून त्याची इयत्ता कायमची ठरविणारे आम्ही कोण?

एवढे लिहिल्यावर एक कबुलीही द्यावयास हवी. यंत्र नसतानाही प्रतवारी होतच असते, आणि ती शिक्षकांच्या खोलीत होते. “हा गणिताचा नाही”, “याच्या डोक्यात शिरतच नाही” अशी वाक्ये आम्हीही उच्चारली आहेत. बाजारात सोयाबीनचा ओलावा मोजून भाव ठरवितात, तितक्याच सहजपणे. काही वर्षांपूर्वी सहावीत एक मुलगा होता. तोंडी पाढे तीसपर्यंत अचूक म्हणे, ऊसतोडीच्या हिशेबात वडिलांची चूक दाखवी; वहीत मात्र ‘कमळ’ कधी ‘मकळ’ होई, कधी ‘कळम’. आम्ही त्यास आळशी ठरविले. दोन वर्षे ठरविले. त्यास आळस नव्हता. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणारी वाट त्याच्यासाठी अधिक चढाची होती. या अवस्थेस अध्ययन अक्षमता म्हणतात. 1996 सालीच महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देण्याचे पाऊल उचलले होते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात तिच्या निदानाचे केंद्र अनेक वर्षे चालू आहे. तेथे मूल वाचून पाहते, लिहून पाहते, त्याची नजर व श्रवण तपासले जाते, डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ त्याच्याशी तासन् तास बसतात. बोटे कोणी पाहत नाही. खरी तपासणी वेळ घेते आणि डोणगावपासून दूर आहे, ही खंत रास्त आहे. त्या मातेच्या प्रश्नाचे खरे स्थान येथे आहे, आणि तिने तो आम्हांस नव्हे, शासनास विचारला पाहिजे. आम्ही तिच्याबरोबर जाऊ.

दरम्यान जे हाती आहे, ते आम्ही केले. यंत्रासाठी पालक जो पैसा उभा करण्यास निघाले होते, त्यातील काहीही शाळेने घेतले नाही. सर्व मुलांची दृष्टी व श्रवण तपासून घेतले; चौदा मुलांस चष्मा लागला, आणि त्यांतील तिघे आमच्या लेखी ‘ढ’ होते. पहाटेचा अभ्यास अर्धा तास पुढे ढकलला, कारण दिवसा शिकलेले मेंदूत पक्के करण्याचे काम झोपेत चालते आणि आमची मुले साडेचारला उठत होती. या निर्णयावर शिक्षकांत अजूनही दोन तट आहेत. सायंकाळी प्रत्येकाने मोठ्याने एक पान वाचावयाचे, चुकले तरी कोणी हसावयाचे नाही, असा नियम आहे. तो अद्याप पूर्णपणे पाळला जात नाही.

नमुन्याचा तो अहवाल आम्ही फेकला नाही. विज्ञानाच्या कपाटात प्लास्टरचा मेंदू आहे, त्याच्या शेजारी तो ठेवला आहे. आठवीचा मज्जासंस्थेचा पाठ आला, की गुरुजी दोन्ही वस्तू टेबलावर मांडतात आणि मुलांस विचारतात की, यांतील कोणती गोष्ट तपासून पाहता येईल आणि कशी. गेल्या वर्षी एका मुलीने वर्गातील सर्वांच्या अंगठ्यांचे ठसे शाईने कागदावर घेतले, त्यांशेजारी घटक चाचणीतील गणिताचे गुण लिहिले, आणि दोन दिवस त्यात काही मेळ लागतो का ते पाहिले. तो कागदही आता त्याच कपाटात आहे.